वैद्यकविद्येचे दार : ग्रँट मेडिकल कॉलेजपासून परळपर्यंत

आपल्या वार्षिक स्मरणिकेत परीक्षोत्तीर्ण विद्यार्थ्यांची जी पाने असतात, त्यांत डॉक्टर झालेल्या मुलामुलींची छायाचित्रे पहिल्या ओळीत छापण्याची वहिवाट आहे. इंजिनियर, वकील व प्राध्यापक यांना त्याखालच्या ओळी मिळतात. या क्रमाबद्दल कोणी तक्रार केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आपल्या घरात एक तरी डॉक्टर असावा ही इच्छा आपल्या समाजात किती खोल रुजलेली आहे, हे या एका गोष्टीवरून दिसते. परंतु ज्या दारातून आपली मुले आज आत जातात, ते दार केव्हा आणि कोणाकोणासाठी उघडले, आणि उघडल्यावरही कोणाला उंबरठ्यावरच तिष्ठत राहावे लागले, याचा इतिहास आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असतो. मुंबईपुरता तो इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

मुंबई इलाख्यात पाश्चात्य वैद्यक शिकविण्याचा पहिला सरकारी प्रयत्न १८२६ साली झाला. सर्जन जॉन मॅक्लेनन यांच्या हाताखाली एक 'नेटिव्ह मेडिकल स्कूल' निघाले व तेथे देशी भाषांतून शिक्षण देण्यात येऊ लागले. मॅक्लेनन यांनी त्यासाठी देशी भाषांत पुस्तके तयार करविली. तथापि गोऱ्या डॉक्टरांना पलटणींत व इस्पितळांत हाताखालचे मदतनीस मिळावेत, एवढाच या खटाटोपाचा हेतू होता. एतद्देशीय मनुष्य स्वतंत्र बुद्धीने रोग्याची परीक्षा करील, ही कल्पना त्या शाळेच्या पायात नव्हती. १८३२ साली सरकारने ती बंद करून टाकली.

त्यानंतर गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी वैद्यकीय विद्यालयाची योजना पुन्हा हाती घेतली. परंतु १८३८ साली ते अकस्मात वारले. त्यांचे स्मारक म्हणून लोकांनी वर्गणी जमविली आणि तिच्यातून १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज उभे राहिले. शेजारीच जमशेटजी जिजीभाई यांच्या औदार्याने इस्पितळ झाले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हे कॉलेज निव्वळ सरकारच्या कृपेने मिळालेले नाही. त्याच्या पायात मुंबईच्या व्यापाऱ्यांचा पैसा आहे, आणि तो पैसा देताना कोणी आपापल्या ज्ञातीपुरते इस्पितळ मागितले नाही. डॉ. चार्ल्स मोरहेड हे पहिले प्रिन्सिपॉल झाले व पीट आणि जिरो हे दोघे त्यांचे सहकारी अध्यापक झाले.

पहिली तुकडी बाहेर पडली १८५१ साली. पदवीधर आठ. त्यांची नावे आम्ही मुद्दाम पूर्ण देतो. कारण इतर ठिकाणी बहुधा भाऊ दाजींचे एकच नाव घेऊन पुढे जाण्याची रीत आहे. भाऊ दाजी, आत्माराम पांडुरंग, अनंत चंद्रोबा, मेरवानजी सोराबजी, बर्जोरजी दोराबजी, सेबास्टियन कार्व्हालो, पॉल फ्रान्सिस गोम्स आणि जे. सी. लिस्बोआ. तीन मराठी हिंदू, दोन पारशी आणि तीन ख्रिस्ती. जो काळ आपण सोवळ्याओवळ्याचा म्हणून ओळखतो, त्या काळात हे आठ तरुण एकाच शवविच्छेदनाच्या टेबलाभोवती उभे राहिले. कलकत्त्यास १८३६ साली मधुसूदन गुप्त यांनी शवाला हात लावला तेव्हा केवढा गाजावाजा झाला, हे सर्वश्रुत आहे. मुंबईत दहा वर्षांनी तेच काम फारसा गवगवा न होता सुरू झाले.

आणि हे आठजण पुढे केवळ नाडी पाहात बसले नाहीत. मांद्र्याहून मुंबईस आलेल्या, मातीच्या मूर्ती विकणाऱ्या बापाच्या मुलाने, म्हणजे भाऊ दाजींनी, कुष्ठरोगावर औषधाचे प्रयोग केले, शिलालेख वाचले आणि दोन वेळा मुंबईचे शेरीफपद भूषविले. आत्माराम पांडुरंगांच्या पुढाकाराने १८६७ साली प्रार्थना समाज निघाला. लिस्बोआ यांनी मुंबई इलाख्यातील उपयुक्त वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. दार उघडले की आत येणारा मनुष्य केवळ ती एक विद्या घेऊन परत जात नाही. तो त्या घरालाच आपल्या गुणांनी समृद्ध करतो. पुढे १८८३ साली मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिच्या आठ संस्थापकांत दोनच हिंदी होते, आणि ते दोघेही याच कॉलेजातून निघालेले डॉक्टर होते : एक हे आत्माराम पांडुरंग आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन.

परंतु या आठ नावांत कोण नाही, तेही पाहिले पाहिजे. एकही मुसलमान नाही. एकही स्त्री नाही. अस्पृश्य मानलेल्या समाजातील कोणी असण्याचा तर प्रश्नच नव्हता. कारण कॉलेजात यावयास इंग्रजी शाळा पुरी करावी लागे, आणि त्या शाळेच्या पायरीवरच त्याला थांबविले जाई. कॉलेजाच्या नियमावलीत जातीचा निर्बंध नव्हता, हे खरे आहे. पण नियमावलीत निर्बंध नसणे आणि दार सर्वांना मोकळे असणे या दोन वेगवेगळ्या गोष्टी होत. ज्याच्या घरात अक्षर नाही, त्याला कॉलेजचे दार उघडे असून काय उपयोग? १८६१ साली कॉलेजात मराठी व गुजराती भाषांतून शिकविण्याचे वर्ग निघाले आणि इंग्रजीचा अडसर काही अंशी दूर झाला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. या मराठी वर्गाला भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे शिक्षक लाभले. आमच्या मते त्या मराठी वर्गाचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिला जावयास हवा. मराठीत वैद्यक शिकविता येत नाही असे म्हणणाऱ्यांस तो वाचावयास द्यावा.

आता दुसऱ्या अडसराकडे वळू. विद्यार्थी म्हणून आत आलेला हिंदी मनुष्य कितीही हुशार निघाला तरी प्राध्यापकाच्या खुर्चीवर त्याला बसता येत नसे. त्या खुर्च्या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांसाठी राखलेल्या होत्या. ती मूलतः लष्करी नोकरी. १८५५ पासून तिची परीक्षा हिंदी लोकांना खुली झाली आणि त्याच वर्षी बंगालचे डॉ. सूर्यकुमार चक्रवर्ती तिच्यात उत्तीर्णही झाले. पण परीक्षा होई लंडनला. समुद्रपर्यटनाचा खर्च, प्रायश्चित्ताची टांगती तलवार आणि परत आल्यावर ज्ञातीची वागणूक, हे सर्व सोसूनही जो पास होई त्याला प्रथम पलटणीत पाठवीत. उलट ज्या गोऱ्या अधिकाऱ्याने आयुष्याची अनेक वर्षे छावणीत काढली, त्याला एके दिवशी शारीरशास्त्र व दुसऱ्या दिवशी भेषजशास्त्र शिकविण्यास नेमीत. दुय्यम जागांवर, मदतनीस म्हणून, हिंदी डॉक्टर चालत. विभागप्रमुख म्हणून चालत नसत. आज ज्याला आपण संस्थेतील विषमता म्हणतो तिचे याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही. कागदावर जातीचा किंवा वर्णाचा उल्लेखही नाही, आणि तरीही कोण कोठवर चढणार हे आधीच ठरलेले.

या संदर्भात स्त्रियांची हकीकत अधिक बोलकी आहे. मद्रासच्या मेडिकल कॉलेजाने १८७५ सालीच स्त्रियांना प्रवेश दिला होता व मेरी शार्लीब या इंग्रज बाई तेथे शिकल्या. मग कल्याणच्या आनंदीबाई जोशी मद्रासला न जाता अमेरिकेस का गेल्या? १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर येथे त्यांनी जे जाहीर भाषण केले त्यात याचे उत्तर आहे. मद्रासचे दार उघडे आहे, पण तेथील शिकविणारे पुराणमताचे आहेत आणि स्त्री विद्यार्थिनीविषयी त्यांच्या मनात आकस आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. अठरा वर्षांच्या मुलीने दार उघडे असणे आणि आत सन्मानाने बसता येणे यांतील भेद इतक्या नेमकेपणाने ओळखावा, याचे आम्हांस आजही नवल वाटते. १८५० साली केवळ स्त्रियांसाठी स्थापन झालेल्या फिलाडेल्फियाच्या विद्यालयातून त्या १८८६ साली एम. डी. झाल्या. त्यांच्याबरोबर तेथे जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली या शिकत होत्या. तिघींचे आपापल्या देशांच्या पोशाखातील १८८५ सालचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध आहे. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांनी अवश्य पाहावे. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात आनंदीबाईंची नेमणूकही झाली होती. परंतु क्षयाने गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्यांचा अंत झाला.

त्या जहाजात बसल्या त्याच १८८३ साली मुंबईत दार उघडण्याची खटपट चालू होती. जॉर्ज किट्रिज हा अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली हे पारशी सुधारक या दोघांनी मिळून एक निधी उभारला. इंग्लंडहून स्त्री डॉक्टर आणावयाच्या, स्त्रियांसाठी स्त्रियांनीच चालविलेले इस्पितळ काढावयाचे आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात मुलींना प्रवेश मिळवावयाचा, अशी ती तिहेरी योजना होती. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीने कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये सुरू झाले आणि डॉ. एडिथ पीची या १८८३ अखेरच मुंबईस येऊन दाखल झाल्या. ही बाई साधी नव्हती. एडिंबरोच्या विद्यापीठात १८६९ मध्ये वैद्यक शिकावयास धडकलेल्या सात स्त्रियांपैकी ती एक. परीक्षेच्या दिवशी पुरुष विद्यार्थ्यांनी दार अडवून ज्यांच्यावर चिखल फेकला, त्यांच्यापैकी एक. दार अडविणे म्हणजे काय, हे तिला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. कॉलेजने मुलींना प्रवेश दिला तो याच सुमारास.

आणि तरीही डॉ. सखाराम अर्जुन यांची मानलेली मुलगी त्या दारातून आत जाऊ शकली नाही. रखमाबाई ही त्यांच्या पत्नीची पहिल्या विवाहापासूनची कन्या. सखाराम अर्जुन स्वतः या कॉलेजचे पदवीधर, तेथेच अध्यापन करणारे. घरात वैद्यकाचे वातावरण, कॉलेज हाकेच्या अंतरावर, प्रवेश खुला. परंतु अकराव्या वर्षी ज्याच्याशी लग्न लावले गेले त्या दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली वैवाहिक हक्कासाठी फिर्याद केली. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिन्हे यांनी ती फेटाळली. अपिलात पारडे फिरले, आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. तुरुंग पत्करते, असे तिने कळविले. १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला, आणि डॉ. पीची प्रभृतींच्या साहाय्याने ती लंडनला गेली. १८९४ साली डॉक्टर होऊन परतली आणि पुढील बरीच वर्षे सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या इस्पितळांत काढून १९५५ साली वारली. त्या खटल्याच्या काळात ज्ञातीतील व ज्ञातीबाहेरील प्रतिष्ठितांनी काय भूमिका घेतली, ते तत्कालीन वृत्तपत्रांत वाचावयास मिळते. ती वाचताना ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत लिहिणाऱ्या आम्हांस मान खाली घालावीशी वाटते, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

खुर्च्यांच्या प्रश्नाकडे पुन्हा येऊ. १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे मेडिकल युनियन आणि डॉ. बहादुरजी यांच्यासारखे विलायतेत शिकून आलेले स्वतंत्र बाण्याचे डॉक्टर यांनी १८९० नंतर सरकारी वैद्यकीय नोकरशाहीच्या मक्तेदारीवर सभांतून व राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावरून टीका चालविली. ती कित्येक वर्षे अरण्यरुदनच ठरली. १९२१ साली असहकारितेच्या लाटेत मुंबईत राष्ट्रीय मेडिकल कॉलेज निघाले. परंतु निर्णायक घाव घातला तो परळला, आणि तोही एका दानपत्रातील अटीने.

सातव्या एडवर्ड बादशहाचे स्मारक म्हणून मुंबईच्या म्युनिसिपालिटीने इस्पितळ बांधावयाचे ठरविले होते. त्याला जोडून मेडिकल कॉलेज काढण्यासाठी शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीच्या विश्वस्तांनी मोठी रक्कम देऊ केली. मात्र त्यांनी अट घातली की, या कॉलेजात शिकविणारे सर्व अध्यापक सुयोग्य पदवी घेतलेले, सरकारी नोकरीत नसलेले, स्वतंत्र हिंदी सद्गृहस्थच असले पाहिजेत. म्युनिसिपालिटीने ती मान्य केली. ही अट वरवर पाहता बहिष्काराची वाटते, गोऱ्यांना वगळणारी. परंतु जेथे ऐंशी वर्षे एकाच नोकरवर्गासाठी खुर्च्या राखलेल्या होत्या, तेथे राखीव खुर्चीला राखीव खुर्चीनेच उत्तर देण्यावाचून दुसरा उपाय त्या विश्वस्तांस दिसला नाही. हिंदी लोकांत अध्यापनाची पात्रता नाही, या आक्षेपाला वादविवादाने उत्तर देता येत नव्हते. त्यांना शिकवावयास लावूनच ते देता येत होते. १९२६ च्या जानेवारीत के. ई. एम. इस्पितळ उघडले. त्यापुढे पात्रतेचा प्रश्न कोणी काढला नाही. जी कारणे राखीव जागांविरुद्ध आज पुढे केली जातात, तीच त्या काळी आपल्याविरुद्ध इंग्रज पुढे करीत होते, हे आपल्यापैकी ज्यांना या विषयावर तावातावाने बोलण्याची सवय आहे त्यांनी लक्षात घ्यावे.

या कॉलेजचे पहिले अधिष्ठाते डॉ. जीवराज मेहता. यांची हकीकत आपल्यासारख्या संस्थेने तर विशेष लक्ष देऊन वाचावी. १८८७ साली बडोदे संस्थानातील अमरेली येथे एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळविण्यास त्या काळी लेखी परीक्षा तर द्यावी लागेच. शिवाय रोग्याच्या खाटेशेजारी उभे करून गोरे अधिकारी तोंडी प्रश्न विचारीत. त्यातून ते पार पडले. परंतु पुढील खर्चाचे काय? तो भार उचलला कपोळ ज्ञातीच्या बोर्डिंग ट्रस्टने. एका वाणी ज्ञातीने आपल्या एका मुलाची फी भरली. शेवटच्या परीक्षेत आठांपैकी सात बक्षिसे त्या मुलाने एकट्याने मिळविली आणि आठवे आपल्या खोलीतील सोबत्याबरोबर वाटून घेतले. लंडनला जाऊन एम. डी. चे सुवर्णपदक मिळविले. आणि पुढे ज्या कॉलेजचा तो अधिष्ठाता झाला, तेथे त्याच्या हाताखाली शिकणारे विद्यार्थी सर्व जातींचे व सर्व धर्मांचे होते. कपोळ ज्ञातीने घातलेले पाणी कपोळांच्या वाफ्यात राहिले नाही. १९६० मध्ये गुजरात राज्य झाले तेव्हा त्याचे पहिले मुख्यमंत्री हेच जीवराज मेहता होते, पण आमच्या मते त्यांचे परळचे काम त्याहून मोठे होय.

त्यांच्या विवाहाबद्दलही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. १९२४ साली त्यांनी बडोद्याचे दिवाण सर मनुभाई मेहता यांच्या कन्या हंसाबाई यांच्याशी विवाह केला. मुलगी नागर ब्राह्मण, वर वाणी. म्हणजे शास्त्री ज्याला प्रतिलोम म्हणतात तसा. नागर ज्ञातीत त्यावरून गहजब झाला. खुद्द सयाजीराव महाराज या विवाहाच्या पाठीशी होते. आता एक योगायोग पाहा. परळच्या दानपत्रातील अटीत अध्यापकांसाठी इंग्रजीत 'जंटलमेन' असा शब्द आहे. हिंदी माणसाला दार उघडणाऱ्यांच्या मनात हिंदी स्त्री आलीच नव्हती. आणि १९४८ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्याच कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ होऊ शकेल असा जो शब्द योजिला होता, तो बदलून तेथे 'सर्व मानव' असा शब्द घालावयास लावला तो या पहिल्या अधिष्ठात्यांच्या पत्नीने, हंसाबाईंनी. परळच्या कॉलेजातही तो शब्द पुढे कोणी अडसर म्हणून वापरला नाही. मराठी वाचकांना परिचित असलेल्या डॉ. शरदिनी डहाणूकर तेथेच औषधशास्त्राच्या विभागप्रमुख होत्या. १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने त्याच इस्पितळात नळीतील गर्भधारणेचे बालक जन्मले. आणि अधिष्ठात्याच्या खुर्चीवरही स्त्रिया बसल्या.

येथवरच्या हकीकतीत आम्ही डॉक्टर कोण झाला एवढेच पाहिले. रोग्याचे काय? परळचे इस्पितळ बांधले जात होते त्याच वेळी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, मुंबईच्या कायदेकौन्सिलात रावबहादुर सीताराम केशव बोले यांचा प्रसिद्ध ठराव संमत झाला. चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे त्या ठरावातील पाणवठ्यांचा भाग सर्वांच्या स्मरणात आहे. पण त्याच ठरावात शाळा, कचेऱ्या व न्यायालये यांच्या जोडीने सार्वजनिक दवाखाने हा शब्दही आहे. म्हणजे सरकारी पैशाने चाललेल्या दवाखान्यात अस्पृश्यांना येऊ द्यावे, असा ठराव करण्याची पाळी १९२३ साली यावी! अर्थात ठराव झाला म्हणून वस्तुस्थिती पालटली नाही. १९२९ च्या डिसेंबरात महात्माजींच्या 'यंग इंडिया' पत्रात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र प्रसिद्ध झाले. डॉ. आंबेडकरांनी ते आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत घेतले असून त्या आठवणी १९९० साली पुस्तकरूपाने निघाल्या. शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. हिंदू डॉक्टर वस्तीत येण्यास तयार होईना. नगरशेठने भीड घातल्यावर तो आला, पण वस्तीच्या बाहेर उभा राहिला. बाळंतिणीला उचलून बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले, आणि त्याच वाटेने ते परत गेले. फुप्फुसाचा दाह आहे असे सांगून, दोन रुपये फी घेऊन, डॉक्टर निघून गेला. पुन्हा तो आला नाही. बाई मेली. हा डॉक्टर अडाणी नव्हता. त्याने कोठेतरी शवाला हात लावूनच शारीरशास्त्र शिकले असणार. मृत शरीराचा विटाळ ज्या विद्येने घालविला, त्याच विद्येचा उपासक जिवंत बाळंतिणीच्या काखेला हात लावू शकला नाही.

अशा घरांतून डॉक्टर निर्माण व्हावेत यासाठी पहिले ठोस पाऊल पडले ते १९४४ साली. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाकरिता केंद्र सरकारने शिष्यवृत्त्यांची योजना सुरू केली. घटना अमलात आल्यावर पहिला मोठा झगडा झाला तोदेखील एका मेडिकल कॉलेजावरूनच. मद्रास सरकारच्या जुन्या आज्ञेप्रमाणे दर चौदा जागांपैकी सहा ब्राह्मणेतर हिंदूंना, दोन मागासलेल्या हिंदूंना, दोन ब्राह्मणांना, दोन हरिजनांना, एक अँग्लो-इंडियन व ख्रिस्ती यांना मिळून व एक मुसलमानांना, अशी वाटणी होती. चंपकम दोराईराजन या ब्राह्मण बाईंनी तिच्याविरुद्ध दाद मागितली. त्यांनी प्रवेशासाठी प्रत्यक्ष अर्जच केलेला नव्हता, ही मौज निकालपत्रातच नमूद आहे. १९५१ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाटणी रद्द ठरविली, आणि दोनच महिन्यांत पहिली घटनादुरुस्ती होऊन पंधराव्या कलमात चौथे उपकलम आले. वैद्यकीय प्रवेशातील आजच्या राखीव जागा त्या उपकलमाच्या आधारावर उभ्या आहेत. पुढील दावे-प्रतिदावे वाचकांच्या रोजच्या वर्तमानपत्रात असतात. त्यांत आम्ही शिरत नाही.

मात्र आत आलेल्या मुलाचे पुढे काय होते, हा प्रश्न अद्याप जिवंत आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील परिस्थितीची चौकशी करण्यासाठी २००६ साली प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी छळाला कंटाळून वसतिगृहाच्या ठराविक मजल्यांवर एकत्र येऊन राहतात, भोजनगृहात व खेळातही ते वेगळे पडतात, आणि अध्यापकांच्या वागणुकीतही त्यांना दुजाभाव जाणवतो, असे तिने २००७ मध्ये नमूद केले. देशातील सर्वश्रेष्ठ गणल्या गेलेल्या वैद्यकीय संस्थेची ही गोष्ट आहे. प्रवेशाच्या यादीत नाव आहे. पण जेवणाच्या टेबलावर शेजार नाही. १८८३ साली आनंदीबाई जे बोलल्या तेच पुन्हा वेगळ्या तोंडून ऐकू येते.

हे सर्व आम्ही येथे का लिहिले, असे कोणी विचारील. त्याचे कारण सांगतो. आपल्या संस्थेचा शिष्यवृत्ती निधी आपल्या वाडवडिलांनी पै पै जमवून उभारला आहे, आणि त्यातून वैद्यक शिकून बाहेर पडलेल्यांची यादी अभिमान वाटावा अशीच आहे. निधीच्या नियमांत 'ज्ञातीतील विद्यार्थी' असे शब्द आहेत. गेल्या वर्षी समितीपुढे एका मुलीचा अर्ज आला. तिला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात गुणवत्तेवर प्रवेश मिळालेला. आई आपल्या ज्ञातीची, वडील दुसऱ्या ज्ञातीचे, आणि दोन वर्षांपूर्वी दिवंगत. मुलगी आईबरोबर आजोळीच वाढली. ज्ञाती बापाकडून चालते, हे समितीतील काहींचे म्हणणे. आणि नियमात तसे कोठेही लिहिलेले नाही, हे इतरांचे. आम्ही स्वतः त्या बैठकीस हजर होतो व अर्ज मंजूर करावा असे मत दिले. मते सारखी पडली. अध्यक्षांनी निर्णायक मत देण्याचे टाळून प्रकरण वार्षिक सभेकडे सोपविले.

ती सभा याच महिन्यात भरावयाची आहे. कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय सातवा, म्हणजे हिशेबाच्या मंजुरीनंतर व आयत्या वेळच्या विषयांच्या आधी, ठेवला आहे. अल्पोपाहार सहाव्या विषयानंतर असतो आणि त्यानंतर सभागृह बरेचसे रिकामे होते, हा दर वर्षीचा अनुभव. सभासदांनी या वेळी थोडे थांबावे अशी आमची विनंती आहे. मुलीच्या पहिल्या वर्षाची फी तिच्या आईने पाटल्या गहाण ठेवून भरली आहे. दुसऱ्या वर्षाची भरण्याची मुदत सभेनंतर अकरा दिवसांनी संपते.